भुंगा

ईश्वरप्पाने पत्र्याच्या डब्याचा शेवटचा स्क्रू काढला, पेचकस खिशात ठेवला आणि झाकण उचलून भिंतीला टेकवलं.

"आता त्यात काय बघायचंय?" समोर बसलेला शरणप्पा म्हणाला. "मामा, मी सांगितलं न्हवं का, ह्याचं दोन वाटं हुत न्हायत म्हणून."

शिवलिंगप्पा मामा सकाळपासून या दोन भावांच्या वाटणीला बसले होते. भांडी झाली, खोल्या झाल्या, दुकान झालं. थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, ही घराण्याची रीत. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही आणि धाकट्याला नंतर रडता येत नाही. शरणप्पाने फारसं न बघताच रस्त्याकडच्या खोल्या उचलल्या. मागच्या खोल्या अंगण-न्हाणीसकट ईश्वरप्पाकडे गेल्या. शरणप्पाचं सगळं लक्ष या डब्यावर होतं.

दोघांनी मिळून घरासाठी केलेल्या स्टिरिओ अँप्लिफायरचा तो सप्लाय होता. लग्नाकार्याला भाड्याने द्यायचे कर्णे त्यांच्या दुकानात ढीगभर पडलेले असत, पण हे यंत्र कधी भाड्याने गेलं नाही. व्हॉल्व्हच्या डाव्या-उजव्या दोन पेट्या शरणप्पाने केल्या आणि दोन्ही पेट्यांना वीज पुरवणारा डबा ईश्वरप्पाने. सोलापूरची वीज म्हणजे सगळा आनंदच. शेजारच्या गल्लीतले माग सुरू झाले की दिवे पिवळे पडत आणि गाणाऱ्याच्या आवाजातला जीव जाई. वर गाण्यामागे विजेची घूंघूं असायचीच. तिला हे दोघे भुंगा म्हणत. बहात्तरच्या दुष्काळात आई गेली, त्याच साली ईश्वरप्पाने हा डबा केला. ट्रान्सफॉर्मर आणि चोक यांची तांब्याची वेटोळी स्वतःच्या हाताने गुंडाळली, झाकण लावून टाकलं, आणि भुंगा गेला. सुई टेकवेपर्यंत यंत्र चालू आहे की बंद हेही कळत नसे.

डबा हलवताना शरणप्पाची कंबर मात्र धरायची.

"अण्णा, लई जड झालंय की."

"जड असलं की भुंगा येत न्हाय, तम्मा."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. घरात कानडी, दुकानात मराठी. पण तम्मा दोन्हीकडे चालायचं.

एकाच सप्लायवर दोन बाजू चालवल्या तर एकीने जोर केला की दुसरी दबते. यांच्या यंत्रात डावीकडे ढोल कितीही घुमला तरी उजवीकडची सनई दबत नसे. शरणप्पा येईल त्या गिऱ्हाइकाला हे ऐकवायचा. सप्लाय एकच आहे, माझ्या अण्णाचा हात आहे तो, म्हणायचा.

गेल्या वर्षी एका स्वयंपाकघरात दोन चुली पेटल्या, तेव्हापासून त्याने मनाशी एकच धरून ठेवलं होतं. बाकी सगळं वाटलं जाईल. पण एक सप्लाय कसा वाटणार? यंत्र एकाकडे राहील आणि दुसऱ्याला ऐकायला त्याच्या दारात यावं लागेल. रोज नाही, रविवारी. तेवढं त्याला पुष्कळ होतं.

त्याने वाकून डब्यात पाहिलं.

आत दोन ट्रान्सफॉर्मर होते. दोन चोक, कंडेन्सरच्या दोन रांगा. दोन्ही सप्लाय आपापल्या पाटावर बसवलेले, चार-चार बोल्ट काढले की सुटे होणारे. दोघांना जोडणारी फक्त एक उघडी तांब्याची तार होती.

"हे कवा केलं?"

"डबा केला तवाच."

"तवा आपल्यात काय झालं हुतं?"

ईश्वरप्पाने फुंकर मारून चोकवरची धूळ उडवली.

"वेगळं असलं की एकाचा भार दुसऱ्यावर पडत न्हाय," तो म्हणाला. "आवाजासाठी केलं, शरणप्पा."

तम्मा नाही, शरणप्पा. हे नाव ऐकून मामांनीसुद्धा मान वर केली.

गिऱ्हाइकांसमोर आपण काय काय बोललो ते आठवून शरणप्पाला स्वतःची लाज वाटली. मग अण्णाचा राग आला.

"ही तार कसली?" मामांनी विचारलं.

"अर्थिंगची. ही दोघांत एकच लागती. दोन केल्या की भुंगा येतो." ईश्वरप्पाने पक्कड काढली, तारेपर्यंत नेली आणि तिथूनच शरणप्पापुढे धरली. "कुटला बी उचल. दोन्ही सारखेच हायत."

शरणप्पाने पक्कड घेतली आणि तार तोडली.

अंगणाच्या कडेला, दोघांच्या वाट्यांमध्ये भिंत उभी राहिली. गिलावा ओला असतानाच एका रविवारी शरणप्पाने आपल्या वाट्याची पेटी जोडली आणि रेकॉर्ड लावली. डावी बाजू त्याच्याकडे आली होती, त्यामुळे ढोल होता आणि सनई नव्हती. आणि भुंगा होता. अर्थिंगचा पत्रा मागच्या अंगणात, न्हाणीपाशी कोळसा-मीठ घालून पुरलेला होता. तो आता भिंतीपलीकडे राहिला आणि त्याच्याशिवाय भुंगा जाणार नव्हता. नळाच्या पाइपाला तार गुंडाळली असती तरी काम भागलं असतं. शरणप्पाने गुंडाळली नाही. रेकॉर्ड संपली तरी यंत्र चालूच ठेवलं.

थोड्या वेळाने ईश्वरप्पाची बायको सिद्धम्मा दारात आली. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"भावजी, भुंगा येतोय तुमच्यात. तिकडं ऐकू येतंय."

"मग?"

"ह्यांनी इचारलंय, तम्माला तार पायजे का म्हणून. भिंतीवरनं टाकतो म्हणत्यात."

शरणप्पाने तिच्यामागे रस्त्यावर पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

"अण्णा 'तम्मा' म्हणाला?"

"व्हय."

तो यंत्राकडे वळला. खोलीभर घूंघूं चालली होती.

"सांगा वैनी," तो म्हणाला, "आमच्यात भुंगा न्हाय."

सिद्धम्मा पदर सावरून परत गेली. शरणप्पाने सुई उचलून बाजूला ठेवली, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवून भुंगा वाढवला आणि नव्या भिंतीकडे तोंड करून बसला.