डावीकडचा ट्रे

सूनबाईला ताप भरला आणि तिच्या प्रयोगातल्या रोपांची जबाबदारी सासऱ्यांवर येऊन पडली. सासरे शिंपी. उभा जन्म कापडात गेलेला, मातीशी संबंध काय तो चपलेपुरता. पण मुलगा परगावी आणि तिच्या संशोधन संस्थेतला मदतनीस रजेवर. "बाबा, फक्त साधं पाणी घाला. बाकी कशाला हात लावू नका," असं तिनं पुन्हापुन्हा बजावलं.

संस्थेच्या काचघरात भाताच्या रोपांचे दोन ट्रे होते. दोन्हीत माती एकच: चोपण, क्षारानं चिकट झालेली, जिच्यात भलीभली पिकं मान टाकतात. फरक एवढाच, की उजवीकडच्या रोपांची मुळं लावणीआधी हार्मोनच्या पाण्यात भिजवली होती. पुढे दिवस कठीण आहेत, हा निरोप तो हार्मोन रोपाला आधीच देतो. मग रोप वाढ आवरतं घेतं आणि तग धरतं. डावीकडच्यांना तसा निरोपच गेला नव्हता.

ताप उतरल्यावर सूनबाई काचघरात गेली, तर हार्मोनची बाटली रिकामी.

"बाबा, यातलं पाणी कुठं गेलं?"

"डावीकडच्यांना घातलं."

"अहो, दोघांतला फरक दिसावा म्हणूनच तर ती तशी ठेवली होती! सगळी मेहनत पाण्यात गेली."

सासऱ्यांनी मान खाली घातली. "पिवळी पडत होती गं. शेजारच्यांना औषध, नि यांना नुसतं पाणी. तुझ्या सासूला कावीळ झाली, तेव्हा तीही अशीच पिवळी पडत गेली. मी उशाशी बसून नुसता बघत राहिलो. पुन्हा तसं बघवेना."

सासूला सूनबाईनं फक्त फोटोत पाहिलं होतं. तिनं स्टूल पुढे ओढलं. "बसा आधी."

"वाचतील का ती?"

"नाही बाबा. निरोप आधी पोचावा लागतो. मुळं करपल्यावर उपयोग नसतो."

"म्हणजे घातलं काय नि न घातलं काय."

"तुम्ही घातलंत ना," ती हळूच म्हणाली. "जीव लावलात."

पुढच्या आठवड्यात दोघांनी नव्यानं लावणी केली. सुईत दोरा ओवणारी बोटं ती. एकही मूळ दुखावलं नाही.

"डावीकडची पुन्हा पिवळी पडतील हां," तिनं आधीच सांगितलं. "बघवेल?"

"तू शेजारी असलीस तर बघवेल."

आणि तसंच झालं. उजवीकडची रोपं बुटकी राहिली, पण हिरवीगार उभी होती. डावीकडची झुकत गेली. सासरे रोज यायचे, हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. सूनबाई त्यांच्या कोपराला धरून उभी असायची.

मोजमाप संपलं तेव्हा डावीकडची तीन रोपं अजून धुगधुगत होती.

"आता यांना हात लावू?" त्यांनी विचारलं.

"आता ती तुमचीच."

सासऱ्यांनी ती घरी नेली आणि चांगल्या मातीच्या कुंडीत लावली. दोन गेली. एकानं मात्र नवं पान काढलं, आणि शेजारीपाजारी कुणीही भेटलं की सासरे सांगू लागले, "आमच्या सूनबाईचं रोप आहे, बरं का!"