बाहेरची कडी

मनोहररावांनी आयुष्यात मोर्चे काढले, रास्ता रोको केले, एकदा तर चक्क ठाणेदाराच्या खुर्चीत बसून आले. पण सभागृहात उभं राहायचं म्हटलं की त्यांचा धीर सुटायचा. पहिल्यांदाच निवडून आलेला माणूस, तोही मौद्याकडच्या एका खेड्यातला. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आज त्यांची लक्षवेधी सूचना लागली होती आणि सकाळपासून पाणी पिऊन पिऊन त्यांचं पोट डब्ब झालं होतं.

लक्षवेधी होती घरोघरी म्हाताऱ्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्या बायांची. त्यांना मानधन द्या, त्यांच्यासाठी सकाळची एसटी नेमाने सोडा, गावच्या उपकेंद्रात अशा आजाऱ्यांना दिवसभर बसवायची सोय करा, असं मागणं. नाव पुकारलं तेव्हा सदस्य जागेवर नसला तर विषय बुडाला. पुन्हा लागेल तेव्हा लागेल, आणि बहुतेक लागत नाहीच. म्हणून मनोहरराव सकाळपासून बाकाला चिकटून बसले होते. शेजारचे आमदार चहाला चला म्हणून दोनदा सांगून गेले, हे हलले नाहीत.

हा विषय त्यांना कोणा हुशार माणसाने सुचवला नव्हता. तो त्यांच्या घरातच होता. पुष्पलताबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आता काही आठवत नव्हतं. आधी भाजीत मीठ दोनदा पडू लागलं, मग नातेवाइकांची नावं गेली, मग एकदा त्या तिन्हीसांजेला घरातून निघाल्या आणि हायवेच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. वीज केंद्राकडून येणारे राखेचे टँकर तिथून अंगावर आल्यासारखे जातात. मनोहररावांना त्या सापडल्या तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत राखाडी झाल्या होत्या. बसची वाट पाहून राहिली, म्हणाल्या.

तालुक्याला मात्र त्यांनी गुडघेदुखी सांगितली. आमदाराची बायको येडी झाली, हे शब्द कोणाच्या तोंडून कानावर पडतील याची त्यांना भारी धास्ती. लोकांच्या तोंडाला कुलूप घालता येत नाही, म्हणून त्यांनी आपल्याच दाराला बाहेरून कडी घालायला सुरुवात केली. सकाळी ते निघत, कडी लावत. मग शेजारच्या गावाहून जयवंताबाई एसटीने येई, कडी काढे आणि संध्याकाळपर्यंत पुष्पलताबाईंना पाही. जयवंता येईपर्यंत बायको झोपूनच असते, असं मनोहरराव डॉक्टरलाही सांगत आणि स्वतःलाही. आमदार निवासातली खोली रिकामी ठेवून ते रोज संध्याकाळी गावी परतत, ते याचसाठी.

तर नाव पुकारलं गेलं. मनोहरराव उभे राहिले. मंत्र्यांनी उत्तराचा कागद वाचला. शासन सकारात्मक आहे, माहिती मागवली आहे, योग्य तो निर्णय घेण्यात येईल. म्हणजे मुंगीच्या पावलानेही काही हलणार नव्हतं. आता उपप्रश्न विचारायचा होता, आणि तो त्यांनी घरी आरशासमोर घोकला होता.

तेवढ्यात त्यांना रोहितचं बोलणं आठवलं. रोहित म्हणजे त्यांचा स्वीय सहायक, उत्साहाचा नुसता कारखाना. सकाळीच तो म्हणाला होता की साहेब, उभे राहिले की डावीकडच्या गॅलरीत पाहा, सरप्राइज आहे. अधिवेशन दाखवायला सगळेच आमदार आपापल्या गावचे लोक आणतात. तसे आपणही आणू, आणि या वेळी ज्यांचा विषय त्या बायाच आणू, ही कल्पना त्याचीच. मागच्या आठवड्यात त्याने एसटी आगाराच्या नावाने पत्र पुढे केलं, कराराने एक गाडी मिळावी म्हणून. मनोहररावांनी सही ठोकून दिली. कुठली गाडी, कुठल्या बाया, हे विचारलं नाही. आमदाराचा हात सहीला असा सरावलेला असतो की डोक्याला त्याची खबर लागत नाही.

त्यांनी डावीकडे वर पाहिलं. बाया ओळीने बसल्या होत्या, थंडीचे स्वेटर घालून, डोक्यावर पदर घेऊन. मनोहररावांना बरं वाटलं. मग दुसऱ्या ओळीत त्यांना जांभळा स्वेटर दिसला. तो पुष्पलताबाईंचा जुना स्वेटर होता. तो त्यांनीच जयवंताबाईला दिला होता, आणि त्याच्या आत जयवंताबाईच बसली होती, साहेब आता काय बोलतात म्हणून मान पुढे काढून.

जयवंता इथे आहे, तर तिथे कोण आहे?

कोणी नसणार. सकाळची ती एसटीच रोहितने कराराने घेतली होती. जयवंताबाई ज्या गाडीने कडी काढायला यायची, त्याच गाडीने ती नागपूरला आली होती, त्यांच्याच सहीच्या पत्रावर. आणि घराची कडी त्यांनी पहाटेच लावली होती. आता तर दुपार व्हायला आली होती.

मग त्यांना चहा आठवला. आज निघायची घाई म्हणून चहा त्यांनी स्वतः केला होता. पातेलं उतरवलं ते आठवत होतं, कपात ओतला तेही आठवत होतं. सिलिंडर बंद केला का? रोज जयवंताबाई बजावायची, साहेब, रेग्युलेटर बंद करत जा, बाई बटनं फिरवत राहते. त्यांनी आपलाच उजवा हात उघडून पाहिला. हात काही सांगेना. पुष्पलता शेगडीपुढे उभी आहे, पदर लोंबतो आहे, आणि दार बाहेरून बंद आहे, एवढंच त्यांना समोर दिसत राहिलं. घाबरून ते रडायच्या बेताला आले. सभागृहात, कॅमेऱ्यापुढे, एवढा मिशीवाला माणूस.

"सन्माननीय सदस्यांनी प्रश्न विचारावा," अध्यक्ष म्हणाले.

मुकाट्याने खाली बसावं आणि हळूच बाहेर सटकावं, असं एकदा मनात आलं. पण जयवंताने निघताना कोणाला तरी घरी ठेवलं असेल, नसेल, हे कळल्याशिवाय त्यांचा पाय उचलेना. गॅलरीत जाणाऱ्यांचे मोबाइल दारातच ठेवून घेतात, त्यामुळे तिला फोन लागणार नव्हता. आणि सदस्याने गॅलरीकडे पाहून बोलायचं नाही, हा तर सभागृहाचा पहिला धडा.

मनोहररावांनी मान वर केली.

"जयवंताबाई, घरी कोन आहे?"

आधी हशा पिकला. समोरच्या बाकावरून कोणीतरी शिट्टीसारखा आवाज काढला. जयवंताबाई मात्र ताडकन उठली होती. सुरक्षेच्या बाईने तिचा खांदा दाबला, तरी ती बसली नाही.

"म्हंजे? कोनीच नाही काय? रोहितभाऊ म्हने, साहेबानं सोय केली!"

अध्यक्षांनी घंटी वाजवली. गॅलरीशी बोलता येणार नाही, हे सगळं कामकाजातून काढून टाकावं, असा त्यांनी आदेश दिला.

"काढून टाका," मनोहरराव म्हणाले. "मी माझ्या बायकोले घरात कोंडून आलो, अध्यक्ष महोदय. बाहेरून कडी लावून. तिले काही समजत नाही, म्हणून. हेही काढून टाका."

हसणारे हसायचे थांबले. मनोहरराव बाकांमधून वाट काढत निघाले. त्यांचा उपप्रश्न खिशातच राहिला.

बाहेरच्या व्हरांड्यात त्यांनी फोन काढला. तालुक्यातल्या निम्म्या लोकांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते, पण समोरच्या घरच्या तुळसाबाईंचा नंबर यादीत शोधावा लागला. इतकी वर्षं त्यांना फोन करायची वेळच आली नव्हती. हाक मारली की ऐकू जाईल एवढ्यावर त्यांचं घर.

तुळसाबाई, माझ्या घराची कडी काढा, धावत जा, फोन बंद करू नका, एवढंच ते बोलले. मग त्यांना चपलांचा आवाज ऐकू आला. कोंबड्या फडफडल्या. तुळसाबाईंची धाप ऐकू आली. जयवंताबाई जिना उतरून पळत आली आणि त्यांच्या बाजूला उभी राहिली. फोनमधून कडी सरकल्याचा आवाज आला आणि त्यानंतर काहीच नाही. मनोहररावांनी भिंत धरली.

"आहेत, आहेत," तुळसाबाई म्हणाल्या. "दारापाशीच बसल्या आहेत जी. लुगडं ओलं झालं, बाकी बऱ्या आहेत."

"गॅस?"

"वास नाही कायचाच. बंद आहे."

मनोहरराव मटकन पायरीवर बसले. जयवंताबाईने डोळ्यांना पदर लावला आणि पुटपुटत रोहितचा उद्धार केला. सगळं निभावलं होतं. आता त्यांनी आभार मानून फोन ठेवायचा, आणि गाडी काढायची. पण तुळसाबाईंचं बोलणं संपलं नव्हतं.

"हात लाल लाल करून घेतले बाईनं. सकाळपासून दार वाजवून राहिल्या होत्या ना."

"तुमाले ऐकू आलं?"

"आता घर समोर, ऐकू नाही येईल काय भाऊ? रोजच वाजवतात. तुमी गेले की सुरू, ते जयवंताची बस येईपर्यंत. आज बसच नाही आली, तं वाजवतच राहिल्या."

रोजच. मनोहररावांनी जयवंताबाईकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

"मंग उघडलं काहून नाही तुमी?" त्यांनी विचारलं.

तुळसाबाई अगदी साधेपणाने म्हणाल्या, "कडी तुमी लावली होती ना जी. आमदाराच्या दाराची कडी आमी कशी काढावी?"

मागे सभागृहात पुढची लक्षवेधी पुकारली गेली होती. तिकडे तुळसाबाईंनी फोन पुष्पलताबाईंच्या कानाला लावला. त्यांचा श्वास ऐकू आला, आणि मग आवाज, दमलेला, पण ओळखीचा.

"बाहेर कोन आहे?"

"मी आहो वं," मनोहरराव म्हणाले.

"मंग कडी काढा ना जी."

"काढली. काढली वं, पुष्पा. दार उघडं आहे. समोर पाह्य."

पुष्पलताबाईंना ते काही पटलं नाही. कडी काढा ना, असं त्या पुन्हा म्हणाल्या, आणि मनोहरराव गाडीपर्यंत धावत गेले तरी फोनमध्ये तेच म्हणत राहिल्या.