सवतीचा सौदा

दातांच्या डॉक्टरांनी आपलं छोटं जेट विकायला काढलं, तेव्हा कुणाचाच विश्वास बसेना. विमान जुनं, पण डॉक्टरांचा जीव की प्राण. त्यांची बायको, म्हणजे शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई, त्याला ‘सवत’ म्हणायच्या. सुट्टीचा दिवस आला की नवरा सवतीकडे, असं त्या मैत्रिणींना हसत सांगत. पण त्या हसण्याला धार असे.

गिऱ्हाईक म्हणून आला एक फर्निचरचा कारखानदार. तोही स्वतः विमान चालवणारा. आत वाकून शिरावं लागतं हे बघून तो जरा खट्टू झाला. डॉक्टरांनी त्याला समजावलं, की याचे पंख सरळ आहेत आणि स्वभावही सरळ आहे. मोठी जेटं जिथे फिरकत नाहीत तिथल्या आखूड धावपट्टीवर हे अलगद उतरतं. दुसरा वैमानिक लागत नाही. मनात आलं की निघायचं, कुणाच्या वेळापत्रकाची मिनतवारी नाही. बोलता बोलता डॉक्टरांचा हात खिडकीच्या काठावरून फिरत होता.

“इतकं गुणाचं आहे, तर विकताय कशाला?” कारखानदाराने विचारलं.

“वय झालं.”

“विमानाचं?”

“माझं.”

कारखानदार हसला. डॉक्टर हसले नाहीत.

घरी मात्र त्यांनी इंजिनं थकल्याचं सांगितलं होतं. खरी गोष्ट वेगळीच होती. मागच्या महिन्यात बाई, मुलगी आणि नात छकुली यांना घेऊन ते समुद्रकाठाहून परत येत होते. बाई मागे छकुलीला मांडीवर घेऊन झोपल्या होत्या, शेजारी मुलीचाही डोळा लागला होता. शहर जवळ आलं आणि डॉक्टरांना पुढचं काही आठवेना. भानावर आले तेव्हा कानात टॉवरवाला पुन्हा पुन्हा हाक मारत होता आणि विमान आपलं आपण सरळ चाललं होतं. ते कसेबसे उतरले. “बाबा, किती हळुवार उतरवलंत,” मुलगी म्हणाली. त्यांना तिच्याकडे बघवलं नाही. ज्या विमानाने सगळ्यांना सांभाळलं, त्याच्यावरच त्यांनी नंतर खापर फोडलं.

सौदा ठरत आला आणि बाईंना मेकॅनिककडून कळलं की इंजिनं ठणठणीत आहेत. त्यांनी आपल्या परीने गणित मांडलं: आपल्या टोमण्यांपायी नवरा काळजावर दगड ठेवून विमान विकतोय. त्यांचं मन त्यांना खाऊ लागलं. याच विमानामुळे त्या बहिणीच्या शेवटच्या आजारपणात तिच्या आडगावी वेळेवर पोहोचल्या होत्या. त्यांनी परस्पर कारखानदाराला फोन करून नकार कळवला आणि संध्याकाळी जेवताना तसं सांगितलं.

“जन्मभर तिला सवत म्हटलं, चुकलंच माझं,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी विकू नका हो.”

डॉक्टरांनी हातातला घास खाली ठेवला. आता गप्प राहिलं तर विमानही राहील आणि बायकोच्या डोळ्यांतला मोठेपणाही. त्यांनी ताट बाजूला सारलं.

“अगं, तुझ्यामुळे नाही. छकुलीला घेऊन येत होतो ना, तेव्हा वर असताना माझी शुद्ध हरपली होती.”

 बाईंनी विचारलं, की तपासून घेतलंत का. नाही, ते म्हणाले. तपासलं असतं तर विमानाचा परवाना गेला असता आणि सगळ्यांना कळलं असतं.

“आणि गाडी?” बाईंचा आवाज खाली गेला. “महिनाभर रोज छकुलीला गाडीतून पोहायला नेताय तुम्ही.”

हे डॉक्टरांच्या ध्यानीमनी नव्हतं. विमान सोडलं की पाप फिटलं, असं ते धरून चालले होते. बाई उठल्या, खुंटीवरची गाडीची किल्ली काढून त्यांनी आपल्या पर्समध्ये टाकली.

तपासणीत मेंदूचा विकार निघाला; गोळ्यांनी आटोक्यात राहणारा. बाईंनी कारखानदाराची माफी मागितली आणि सौदा पार पडला. मुलीला मात्र डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं. तिने ऐकून घेतलं, छकुलीला बूट घालायला सांगितलं आणि ती निघाली.

त्यानंतरही ती येत राहिली. पण छकुली आजोबांपाशी खेळत असली की ती त्याच खोलीत बसून राही, चहा ओतायलासुद्धा उठत नसे. डॉक्टरांना ते समजायचं. ते छकुलीशी पत्ते खेळत राहायचे आणि मान वर करायचे नाहीत.