कुंपणाचा कायदा

ऑरिन बास्कम आणि अल्फियस टटल यांनी बारा वर्षं एकाच खोलीत वकिली केली. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या एका लहानशा गावात ऑरिनचा आवाज मोठा, अल्फियसची नजर बारीक. ऑरिन विधिमंडळावर निवडून गेला तेव्हा अल्फियसनेच दारोदार फिरून मतं मागितली होती.

राजधानीत दोन हिवाळे भांडून ऑरिनने एक कायदा मंजूर करून घेतला. रेल्वे कंपनीने रुळांना कुंपण घालायचं. नाही घातलं तर मेलेल्या जनावरांची भरपाई द्यायची. त्या कायद्याखालचा पहिला खटला गावातच उभा राहिला, विधवा मर्सी डॉडच्या दोन गायींचा. चालवला अल्फियसने. ऑरिन मागच्या बाकावर बसून ऐकत होता. कायद्यातला शब्द न् शब्द त्याचा. पण ज्युरीचे डोळे अल्फियसवर खिळलेले.

मर्सी जिंकली. लोकांनी अल्फियसला खांद्यावर उचललं. हायरम लोहाराने ऑरिनच्या पाठीवर थाप मारली. “काय बोलला रे तुझा भागीदार! तू गावात राहिला असतास तर तुलाही चार गोष्टी शिकायला मिळाल्या असत्या.”

“कायदा मी केलाय, हायरम.”

“हो का? बरं केलंस,” म्हणत लोहार गर्दीत घुसला.

घरी ऑरिनने पुढ्यातली थाळी सरकवली. बायको लोविना म्हणाली, “जेवा की हो. तो जिंकला म्हणजे तुम्ही हरलात का?”

त्या काळी न्यायाधीश विधिमंडळच निवडायचं. पुढच्या अधिवेशनात ऑरिनने कॅनडाच्या सीमेलगतच्या जागेसाठी अल्फियसचं नाव सुचवलं. गावापासून तीन दिवसांची वाट! त्याने मित्राची तोंडभरून स्तुती केली. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तेच त्याला जास्त झोंबलं.

अल्फियस भरल्या डोळ्यांनी आला. “ऑरिन, मी कधी तोंड उघडून मागितलंही नव्हतं रे!”

“तू लायकच आहेस,” ऑरिन कसाबसा म्हणाला. आठवड्याभरात अल्फियसचं बिऱ्हाड बर्फगाडीतून उत्तरेला गेलं.

निवडणुकीच्या सभेत हायरम ओरडून सांगत होता, “सख्खा भाऊ करणार नाही ते यानं मित्रासाठी केलं!” ऑरिन पूर्वीपेक्षा दुप्पट मतांनी निवडून आला. आभार मानायला तो उभा राहिला. पहिलं वाक्य संपतंय तोच मागून कुणीतरी विचारलं, “आपले टटल जज्जसाहेब कसे आहेत?”

त्या नावाला पडलेल्या टाळ्या थांबेपर्यंत ऑरिन तसाच उभा राहिला. लोविना खाली बघत होती.