डाव्या हाताचं बोट

“डावा हात,” टेबलामागचे साहेब मान वर न करता म्हणाले.

चांदीवाल्याच्या लेकीने हात पुढे केला. साहेबांनी शाईच्या बाटलीत काडी बुडवली, तिचं बोट धरलं आणि काडी तशीच हवेत थांबली.

“हे काय? तुझं मत देऊन झालंय की!”

“नाही साहेब. पहिलंच आहे माझं. आत्ताच अठरा पूर्ण झाली.”

“मग बोटावर ही शाई कुठून आली?”

“ती शाई नाही. चांदी आहे.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. काळ्याकुट्ट बोटाला चांदी म्हणणारी पोरगी रोज थोडीच बघायला मिळते! चांदीवाला तिच्या मागेच उभा होता. त्याने आपले दोन्ही हात हळूच पँटच्या खिशात घातले.

चांदीवाला हे नाव गल्लीने ठेवलेलं. घरात चांदीची साधी वाटी नव्हती. तो आरशांच्या कारखान्यात काचेवर चांदीचं पाणी चढवायचा, आणि बारावी झाल्यापासून लेकही त्याच्या शेजारी उभी राहून तेच करायची. उजव्या हातात त्या पाण्याचा जग धरायचा आणि डाव्या हाताचं पहिलं बोट काचेच्या कडेला लावून ठेवायचं, म्हणजे पाणी निसटायला लागलं की लगेच कळतं. हातमोजा घातला तर कळत नाही, म्हणून सगळे उघड्या बोटानेच काम करत. ते पाणी कातडीला लागलं की उजेडात काळं पडतं. साबण लावा, दगडाने घासा, ते ढिम्म हलत नाही. कारखान्यातल्या प्रत्येकाचं ते एक बोट कायमचं काळं होतं, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं.

लेक दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी कॉलेजात जायची. ते संध्याकाळचं कॉलेज पाडून तिथे गाड्या उभ्या करायला जागा करायची, असं चाललं होतं. वॉर्डातून उभा राहिलेला ठेकेदार त्याच बाजूचा. त्याच्या विरुद्ध त्याच कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई उभ्या होत्या. लेकीने महिनाभर घरातल्यांच्या डोक्याचा नुसता भुगा केला होता. “बाबा, कॉलेज गेलं तर मी आयुष्यभर काचाच धरून बसणार. तुम्ही पण यायचंच मत द्यायला.”

“अगं, कोण का येईना, आपल्याला काय कुणी विचारतंय?” चांदीवाला म्हणायचा. त्याने जन्मात एकदाही मत दिलं नव्हतं. कारखान्यातल्या कुणीच दिलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी मालक हटकून काम सुरू ठेवायचा आणि येईल त्याची दुप्पट हजेरी लावायचा. मग रांगेत उभं राहायला कोण जातंय? त्या टेबलापाशी काळं बोट पुढे केलं की काय होतं, हे एवढ्या वर्षांत कुणालाच ठाऊक झालं नाही. कुणी गेलंच नव्हतं, तर कळणार कसं?

या वेळी मात्र लेकीच्या हट्टापुढे त्याचं काही चाललं नाही. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो निघाला, तेव्हा बायको म्हणालीसुद्धा, “नवरदेव निघाले वाटतं!” आणि खरं सांगायचं तर त्यालाही आतून बरं वाटलं होतं.

“वहीत बघा ना साहेब,” लेक म्हणत होती. “माझ्या नावापुढे सही नाहीये कुणाची.”

“इथे नसेल. दुसऱ्या केंद्रावर दुसऱ्या नावाने दिलं असशील. सकाळपासून तुझ्यासारखे चार जण परत पाठवलेत मी. सगळ्यांची हीच कथा.”

“अहो, ते आमच्याच कारखान्यातले. मीच पाठवलं होतं त्यांना.”

पोरीने खरं ते सांगितलं आणि तिथेच घोटाळा झाला. कोपऱ्यात बसलेला ठेकेदाराचा माणूस ताडकन उठला. “ऐकलंत साहेब? टोळी आहे ही! बाईंनी पोसलेली!”

साहेबांनी दारातल्या पोलिसाला खूण केली. पोलिस आला आणि त्याने लेकीचा दंड धरला. “चल ताई, चौकीवर जाऊन बोलू.”

 चांदीवाला पुढे झाला आणि ज्या गोष्टी त्याला येत होत्या त्यातली सगळ्यात जुनी गोष्ट त्याने केली. त्याने मान खाली घातली. “साहेब, पोर आहे. चूक झाली तिची. अक्कल नाही अजून. परत नाही येणार ती. सोडा एवढ्या वेळी.”

“बाबा! मी कुठे मत दिलंय?”

“गप बस!” तो तिच्यावर खेकसला.

साहेबांचाही जीव सकाळपासून मेटाकुटीला आला होता. “न्या घरी,” ते म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर लेक रडली नाही. रडली असती तर त्याला समजूत तरी घालता आली असती.

“तुम्ही तुमचे हात दाखवायचे ना,” ती म्हणाली. “दोघांची बोटं सारखी बघून त्यांना कळलं असतं.”

“मला वाटलं, दोघांनाही धरतील.”

 घरापर्यंत ती चार पावलं पुढेच चालत राहिली.

ठेकेदार भरघोस मतांनी निवडून आला. “बघ, आपल्या पाच-सहा मतांनी काय होणार होतं?” चांदीवाला जेवताना म्हणाला. त्याला तिचं मन हलकं करायचं होतं.

“बाई हरल्या तर हरल्या,” लेक म्हणाली. “मला एकदा नाही म्हणायचं होतं बाबा. चूक झाली म्हणून माझ्या वतीने हो म्हणून टाकलंत तुम्ही.”

 बायकोने दोघांकडे बघितलं आणि भाजी वाढली.

परीक्षेच्या आधीच कॉलेजला टाळं लागलं. बाईंच्या घरी जाऊन भेटू या, असं चांदीवाला दोनदा म्हणाला, पण लेकीला वेळ नव्हता. संध्याकाळ मोकळी झाल्यामुळे ती आता दुसरी पाळीही करत होती. अठराची होणारी कारखान्यातली एक मुलगी तिला विचारायला आली की, यादीत नाव घालायला कुठे जायचं. “कशाला?” एवढंच लेक म्हणाली. शेजारून चांदीवाल्याला बोलावंसं वाटलं, पण त्याने कुठल्या तोंडाने बोलायचं?

एका दुपारी मालक फेरी मारत आला. लेकीने नुकताच तयार केलेला आरसा त्याने खिडकीच्या उजेडात धरला, पुढून बघितला, मागून बघितला. कुठे ठिपकासुद्धा नव्हता.

“वा! हात बसला हो पोरीचा,” तो चांदीवाल्याला म्हणाला. “आता हिला दुसरीकडे कुठे जायची गरज नाही.”

अशा वेळी मालकाला “तुमचीच कृपा” म्हणायचं असतं. चांदीवाल्याने म्हटलं. लेकीने पुढची काच पुढ्यात ओढली आणि कडेला बोट लावलं.