बिननावाची पुडी

बोलतेय ती मी, मसालदाणी. पितळेची, सात वाट्यांची, दोन हातांनी उचलावी लागेल अशी. माझ्याजवळ बसायचं तर आधी हात धुऊन या.

सारंगखेड्याच्या यात्रेत लोक घोडे बघत होते, तेव्हा एका बाईने भांड्यांच्या ढिगातून मला उचललं, टिचकी मारून आवाज ऐकला आणि लेकीच्या रुखवतात ठेवलं. लेक म्हणजे भिकुबाई. तिच्याबरोबर मी कोरीटला, तिच्या सासरी आले ती आलेच.

स्वभाव माझा संशयी. धंद्याने तशी झाले. तिखटात विटेची भुकटी, हळदीत रंग, मिऱ्यांत पपईच्या बिया, माझ्या पोटात लोकांनी काय म्हणून घातलं नाही? तेव्हापासून एक धरून आहे. जे नाकाला आपली ओळख देत नाही, त्याच्यावर डोळा ठेवायचा.

भिकुबाईचा मुलगा नवनीत. त्याची बायको रंजिता काचेच्या झाकणाचा नवा डबा घेऊन आली, आणि मला वाटलं, चला, आता भंगारात. पण तोवर भिकुबाईला शुगर निघाली होती, पाठोपाठ बीपी. कागदाच्या पाकिटातल्या गोळ्या उंदीर न्यायचे. मग मला घासूनपुसून औषधांना बसवलं. भिकुबाईला अक्षर येत नाही. तिने गोळ्यांना माझ्या वाट्यांचीच नावं दिली. शुगरची ती हळदीतली, बीपीची ती जिऱ्यातली. पाहुण्यांदेखत हाक मारायची, "रंजिता, हयदमातली लई ये वं." पाहुणे चहात हळद पडणार म्हणून कप झाकून घ्यायचे.

शाळा मलाही नव्हती. गोळ्यांच्या पाठीवरचं वाचत वाचत मी अक्षर शिकले. नाव, बनवणारा, कधीपर्यंत चालेल ते. त्यांना वास नाही म्हणून सुरुवातीला मी त्यांनाही चोर समजत होते. पण गावच्या आशा सेविका शोभाबाई प्रत्येक वेळी बजावून जायच्या. ही उपाशीपोटी घेऊ नका, जेवण चुकलं तर गरगरेल. हिने कोणाकोणाचे पाय सुजतात, सुजले तर लपवू नका, गोळी बदलून मिळते. आपली खोड आधीच सांगून घरात येते तिच्याशी निभावता येतं, असं मी मनाशी ठरवलं.

गुडघ्यांवर मात्र हळदीतली चालेना, जिऱ्यातलीही चालेना. यात्रेला भाऊ दरवर्षी सारंगखेड्याला, माहेरी बोलवायचा. मागच्या वर्षी भिकुबाई गेली आणि सगळा वेळ गाडीतच बसून राहिली. भावजय ताट वाढून गाडीपाशी घेऊन आली. ते ताट तिच्या मनाला लागलं, कुठल्याही टोमण्यापेक्षा जास्त. पुढच्या यात्रेला दत्ताच्या देवळापर्यंत आपल्या पायाने जाणार, हे तिने तिथेच ठरवलं.

आणि मग आला हिलाल. मोटारसायकलला पिशवी, पिशवीत पुड्या. झाडपाल्याचं खानदानी औषध, त्याचा त्रास म्हणून कधी कोणाला होत नाही, म्हणे. भिकुबाईने विचारलं, कशाचं आहे. तर म्हणतो कसा, "नाव सांगं का गुण जास, मावशी. कोनले सांगू बी नका."

पुडी माझ्या मधल्या वाटीत आली. मिठाच्या. तेव्हापासून माझं झाकण भिकुबाई स्वतःच उघडायची. वरून सुंठीचा वास, तो मी ओळखला. सुंठीखाली काहीतरी पांढरं होतं, त्याला वास नव्हता आणि पाठीवर अक्षरही नव्हतं. माझी कल्हई शहारली. पण मला तोंड कुठे आहे?

गुडघ्यांचं दुखणं राहिलं, अगदी चार दिवसांत. भिकुबाई खाली मांडी घालून बसली, शेतात जाऊन मिरच्या तोडून आली. महिन्यामागून महिने नव्या पुड्या येत राहिल्या. भूक वाढली, तोंड गोल झालं. बाया म्हणाल्या, भिकुबाईने अंग धरलं. मला ते अंग आवडलं नाही. गाल भरत होते आणि दंड सुकत होते, हे कसलं अंग धरणं? हाताला जरा काही लागलं की निळा डाग उमटायचा.

मग पायाला काटा लागला आणि ती जखम भरेना. शोभाबाईंच्या मशीनवर शुगर चढलेली. त्यांनी सरळ विचारलं, आणखी काही घेता का. भिकुबाई म्हणाली, "दुसरं काय लिसू? तू दिधेल गोया, त्याच." बाई खोटं बोलणारी नाही हो. नाव काढलं तर गुण जाईल, गुण गेला तर देऊळ जाईल, एवढंच तिच्या डोक्यात. म्हणून जिला सांगायचं तिच्यापासूनच लपवलं.

रंजिताला चैन पडेना. तिने माझं झाकण काढून एकेक वाटी उपसली, पुड्या सापडल्या, आणि सगळ्या उकिरड्यावर फेकल्या. मी खूश. गेली ब्याद, म्हटलं. संशय घेण्यात मी हुशार, पण पुढचं मलाही दिसलं नाही.

कारण त्यानंतर भिकुबाई उठेना. अन्न ठरेना, उभी केली की डोळ्यांपुढे अंधार. नवनीतने गाडी काढली. औषधं सुटी कुठे शोधायची, म्हणून रंजिताने मलाच मांडीवर घेतलं आणि आम्ही नंदुरबारला दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंना रंजिताने छाती फुगवून सांगितलं, पुड्या होत्या, मी सगळ्या फेकल्या, आता वाईट काही उरलं नाही. बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी भिकुबाईचे गाल पाहिले, दंडावरचे डाग पाहिले, रक्तदाब पाहिला. माझी मिठाची वाटी उचलली. तळाला पांढरं चिकटलेलं होतं. नर्सला हाक मारून ताबडतोब इंजेक्शन द्यायला लावलं.

भिकुबाई शुद्धीवर येऊन उठून बसली तेव्हा बाई खाटेशी आल्या. म्हणाल्या, पुडीत स्टेरॉईड असावं असं वाटतंय. ते महिनोन्‌महिने बाहेरून मिळालं की अंग आपलं स्वतःचं तसलं द्रव्य बनवायचं सोडून देतं. मग एकदम बंद केलं की माणूस कोसळतो. शुगरही त्यानेच चढते, जखमही त्यानेच भरत नाही.

"मंग आते काय टोचं मले?" भिकुबाईने विचारलं.

"तसलंच औषध, आजी."

भिकुबाईने टोचलेल्या जागेवर बोट ठेवलं. म्हणाली, "तेच? मंग हिलाल खोटा कसा?"

"दमा उसळतो तेव्हा याच औषधाने माणसं वाचतात. ते वाईट नाही. पण किती द्यायचं, किती दिवस, कोणाला, हे बघून द्यायचं असतं, आणि हळूहळू कमी करत थांबवायचं असतं. त्याने तुम्हाला नावसुद्धा सांगितलं नाही."

त्या दिवशी भिकुबाईने पहिल्यांदा गोळीचं पाकीट रंजितासमोर धरलं आणि नाव वाचून घेतलं. अडखळत तीनदा म्हटलं.

गुडघे परत दुखायला लागले. दुखणारच. शोभाबाईंनी खाटेवर बसून पाय लांब करायचा व्यायाम शिकवला, काठी दिली, दुखण्यावरची साधी गोळी दिली आणि तीही मनाने वाढवू नका म्हणून दम दिला. जखम हळूहळू भरतेय. यात्रेत देवळापर्यंत ती जाईल की नाही, मी सांगत नाही, कारण मला माहीत नाही.

परवा हिलाल आला. ओट्यावरूनच म्हणाला, मावशी, पुडी ठेवू का. भिकुबाईने काठी आडवी धरली.

"पहिले नाव ले तिन्हं. चार बायासमा मी मन्हा धनीनं नाव लिधं, तुन्ही पुडीले कसानी लाज वाटस?"

तो हसला, पिशवी सावरली आणि निघाला. दोन घरं सोडून पुढे मोटारसायकल थांबली. तो आवाज मी ऐकला.

म्हणून बोलतेय. तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी असेल, डबा, पेटी, पिशवी. डॉक्टरकडे जाताना तिला आहे तशी उचलून न्या, लाजेची वाटीसुद्धा. आणि काही घेत असाल तर रागाच्या भरात फेकू नका, आधी दाखवा.

थंडीच्या सकाळी गुडघे धरतात तेव्हा भिकुबाईचं बोट अजून माझ्या मधल्या वाटीत जातं. रिकामी वाटी चाचपतं, क्षणभर तिथेच थांबतं. मग ती काठी मागते. तेवढा क्षण माझा जीव थाऱ्यावर नसतो. झाकण तिच्याच हातात आहे, माझ्या नाही.