बद्द आवाज

मी कुंभाराचा, पण फिरतं चाक सोडलं आणि पाना हातात धरला. बुधवारा पेठेत माझं छपराचं गॅरेज होतं. कौतिक मिस्त्रीचा हात सोन्याचा आणि तोंड गटाराचं, असं लोक म्हणायचे. पहिल्या बोलण्यावर मी फुगायचो, दुसऱ्यावर भांडायचो. माझी माय सोजरबाई इतवारा पेठेत मडकी विकायची. मिस्त्रीची माय मडकी विकते, याची मला लाज वाटायची. काय अक्कल होती बघा!

छप्पन्न साल होतं. राज्यांची नवी वाटणी होऊन आमचं गाव नागपूरच्या हाताखालून निघून भोपाळच्या हाताखाली चाललं होतं, आणि जो तो चौकात त्याच्यावरच बोलायचा. मीही पान जमवून दिवसदिवस बोलायचो. त्याच दिवसांत देवरामशेठची सर्व्हिस मोटार माझ्याकडे आली. लष्कराच्या लिलावातली जुनी गाडी. कधी माणसं भरायची, कधी केळीचे घड. केळीचं पाणी आणि तापीकाठचा चिखल, दोघांनी मिळून तिचा तळ खाल्ला होता.

"मिस्त्री, आधी गंज खरवडा," देवरामशेठ म्हणाला. "पत्रा सडला असेल तर बदला. मग परत गंज धरू नये म्हणून शेंदराचा हात, आणि सगळ्यात शेवटी डांबर. भाऊबीजेला शहापूरची फेरी सुरू करायची आहे. बायापोरं बसणार."

शेंदराचा डबा आणि जवसाचं तेल त्यानं स्वतः आणून ठेवलं.

"शेठ, तुम्ही हॉर्न वाजवा. लोखंड मी बघतो," मी म्हणालो.

हातात आठ दिवस होते. सात चौकात गेले. आठव्या दिवशी गाडीखाली आडवा झालो, तर पहिल्याच घावाला गंजाची पापडी डोळ्यात! असा संताप आला की सांगता सोय नाही. खाली कोण मरायला बघतंय, म्हटलं, आणि डांबर तापवून गंजावरच थापलं. शेंदराचा डबा घरी नेऊन खाटेखाली सरकवला. मागच्या बाकापाशी एका जागी कुंचा दाबला तर पत्रा पापडासारखा आत गेला. मला तेव्हाच कळलं. त्या पत्र्याखाली चाकं फिरवणारा दांडा गरगरतो, कुणाचा पाय तिथून खाली गेला तर उरणार नाही, हेही मला माहीत होतं. त्या जागी मी डांबराचे दोन हात जास्त मारले.

भाऊबीजेच्या सकाळी मोटारीला झेंडूची माळ घातली. खालून तळ काळा कुळकुळीत दिसत होता. देवरामशेठ वाकून बघून खूश झाला.

"खरवडलं ना नीट?"

"शंका असेल तर दुसरा मिस्त्री बघा," मी गुरगुरलो. तो बिचारा झेंडूची माळ सारखी करायला लागला.

तेवढ्यात माय आली. तिचा भाऊ शहापूरला, त्याच्यासाठी नवा माठ घेऊन निघाली होती. तिनं माठ खाली ठेवला, मोटारीखाली हात घातला आणि बोटाच्या पेरानं तळ वाजवला. जन्मभर मडकी वाजवलेली बाई ती. पुढं टण्ण वाजलं, मधेही टण्ण. मागं आली, आणि आवाज आला बद्द. तिनं परत वाजवलं. परत बद्द.

माझ्याजवळ येऊन ती हळूच म्हणाली, "कौतिक, तुझ्या खाटेखाली शेंदराचा डबा हाय. झाकणबी उघडलं नाही रे."

तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. पण चार माणसं बघत होती ना! मी मोठ्यानं म्हणालो, "माय, तुला काय कळतं लोखंडातलं? तू आपली मडकी वाजव!"

लोक हसले. माय माठ उचलून मोटारीत चढली. मागच्या बाकावर एक लेकुरवाळी बसायला लागली होती.

"तू पुढं जा बाई, लेकरू घेऊन," माय तिला म्हणाली. "इथं मी बसते."

आणि माठ मांडीवर घेऊन ती बसली. दोन्ही पाय बरोबर त्या पत्र्यावर. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. हॉर्न वाजला, मोटार निघाली. मी थांबवली नाही. आज एवढा म्हातारा झालो, तरी हे सांगताना मान खाली जाते. मी थांबवली नाही.

दिवसभर घास गिळला नाही. लांबून कुणी ओरडलं की पाना टाकून रस्त्यावर धावायचो. दिवेलागणीला मोटार आली. माय उतरली, भावानं दिलेलं लुगडं काखेत. तिचे पाय बघितले आणि मला रडूच फुटलं.

"आज टिकलं," ती म्हणाली. "उद्याबी मीच बसते तिथं. परवाबी बसेन. तू नको घोर करू."

"माय, शिव्या दे ना मला! चार लोकांत दे!"

"शिव्या देऊन काय व्हतं? कच्चं मडकं मी विकत नाही, फोडून टाकते," ती म्हणाली. "तुले कशी फोडू रे?"

मी हातोडी उचलली आणि तसाच देवरामशेठकडे गेलो. उतारू अजून उतरत होते, त्यांच्यादेखत सगळं सांगितलं. त्यानं माझ्याच हातातली हातोडी घेतली आणि मागच्या पत्र्यावर एकदा मारली. हातोडी मुठीपर्यंत आत गेली. ती लेकुरवाळी तिथंच उभी होती. तिनं लेकरू छातीशी धरलं आणि माझ्याकडे बघितलं. देवरामशेठनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला, "मिस्त्री, तुम्हाला मी विचारलं होतं."

दहा दिवस गाडीखाली होतो. गंज खाल्ला, डोळे सुजले. पत्रा बदलला, शेंदूर लावला, तो वाळू दिला, मग डांबर. मायला बोलावलं. तिनं सगळीकडे वाजवलं. सगळीकडे टण्ण.

"आता पक्कं," ती म्हणाली.

पुढं तीस वर्षांत मी कितीतरी गाड्यांचे तळ केले, एकही कच्चा सोडला नाही. माय त्या गाड्यांत बसून शहापूरला जायची, पण चढायच्या आधी खाली हात घालून वाजवायची. आवाज दर वेळी खणखणीत यायचा. तरी मरेपर्यंत माझ्या हातच्या एकाही गाडीत ती वाजवल्याशिवाय चढली नाही.